घेण्यास नकार

देवळाली कॅम्पात बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं ब्युटी पार्लर आहे. गाळा लहानसाच. माझी निम्मी गिऱ्हाइकं फौजींच्या बायका. त्या वेळेवर येतात, पैसे रोख देतात, आणि एकीला काम आवडलं की चौघींना घेऊन येतात. त्यांच्यावर विसंबून धंदा वाढवायची एकच अडचण असते, ती मला कळायला हवी होती. नवऱ्याची बदली झाली की त्या जातात.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्यातल्याच एकीने मला नको असलेले केस कायमचे काढायच्या लेझर मशीनबद्दल सांगितलं. "दीदी, यहाँ किसी के पास नहीं है. आप ले लो, हम सब आएँगे." मी चौकशी केली. मशीन आणि त्यासोबतची खुर्ची मिळून तीन लाखांच्या आसपास जात होतं. घरी विषय काढला तेव्हा नवरा म्हणाला, "आहे त्यात भागतंय ना? कर्ज नको." तो नाशिकरोडला औषधांच्या दुकानात कामाला आहे. त्याचं बोलणं तेवढंच असतं, आणि एकदा नाही म्हटलं की तो पुन्हा त्या विषयावर येत नाही.

मी कर्ज काढलं. एका खाजगी फायनान्स कंपनीचा माणूस गाळ्यावर येऊन सगळे कागद घेऊन गेला. आधार, लाइट बिल, सह्या केलेले सहा कोरे चेक. फॉर्मवर ओळखीच्या दोघांचे नंबर हवे होते. नवऱ्याचा द्यायची सोयच नव्हती, कारण त्याला मी सांगितलं होतं की मशीन भिशीच्या पैशातून आली. मी घोटीला राहणाऱ्या सासूबाईंचा नंबर दिला, आणि दुसरा माझाच जुना. कोण फोन करतंय, असं तेव्हा वाटलं.

पहिलं वर्ष बरं गेलं. हप्ता खात्यातून परस्पर कापला जायचा. मग एका महिन्यात एक सबंध तुकडी हलली. काळ्या पत्र्याच्या ट्रंका ट्रकमध्ये चढताना मी माझ्या दारातून बघत होते. माझ्या एकवीस बायका त्या ट्रकांमागोमाग गेल्या. त्यांच्या जागी आलेल्यांना माझी ओळख नव्हती, आणि एव्हाना गंगापूर रोडच्या मोठ्या पार्लरांनी तीच मशीन माझ्याहून स्वस्तात चालवायला घेतली होती. त्या महिन्यात हप्ता कापायला खात्यात पैसे नव्हते. पुढच्या महिन्यातही नव्हते.

सुरुवातीचे फोन मी घेतले. "दहा तारखेपर्यंत भरते," असं सांगायचे. खरंच भरायचं मनात असायचं. तिसऱ्या वेळी पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही दर वेळी दहा तारीखच सांगता." ती चिडून बोलली नव्हती, उलट जरा हसून बोलली. मला मात्र इतकी लाज वाटली की मी फोन कट केला. त्या दिवसापासून मी त्यांचे फोन उचलणं बंद केलं.

फोन वाढत गेले. दर काही दिवसांनी नवा नंबर. प्रत्येक नंबर मी सेव्ह करायचे, म्हणजे पुन्हा आला तर ओळखता येईल. 'नको १', 'नको २', 'नको ३'. पुढे पुढे तर अनोळखी नंबर दिसला की न बघताच नाव टाकायचे. फोनचा आवाज बंद करून तो कापसाच्या बंडलांच्या खणात ठेवून द्यायचे. हाताखाली कुणाचं तरी थ्रेडिंग चाललेलं असायचं आणि खणात लाकडाला घासून घर्र घर्र आवाज यायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "दीदी, आपका फोन." मी म्हणायचे, "कंपनीवाले हैं." हे तसं खोटं नव्हतं.

भगूरच्या एका लग्नाचं नवरीचं काम त्यात गेलं. नवरीच्या आईने नव्या नंबरवरून दोनदा फोन केला होता, मी उचलला नाही, तिने दुसरी बघितली. पुढे ती बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "तुम्ही फारच मोठ्या झालात, फोनसुद्धा घेत नाही." मी हसून वेळ मारून नेली.

मग माणूस आला. सकाळी अकराची वेळ. मी एका मुलीला फेशियल करत होते, तिच्या डोळ्यांवर काकडीचे काप होते. काचेच्या दारातून तो दिसला. पाठीला सॅक, हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र. मी हातावरचं क्रीम तसंच घेऊन पडद्याआड गेले. त्याने दार ढकललं.

"मॅडम आहेत का?"

खुर्चीतली मुलगी डोळे मिटूनच म्हणाली, "आत्ता इथेच होत्या."

पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता, माझ्या चपला त्याला दिसत असणार. तो नुसत्या पडद्याकडे बघून बोलला, "मॅडम, मी भांडायला नाही आलो. बसून काहीतरी मार्ग काढू. हे कार्ड ठेवतो." दार बंद झालं. मी बाहेर आले तेव्हा मुलीने काकडी काढून ठेवली होती आणि ती आरशातून माझ्याकडे बघत होती. मी तिचे पैसे घेतले नाहीत. ती पुन्हा आलीही नाही.

कार्ड मी फाडून टाकलं.

त्यानंतर पत्रं सुरू झाली. पोस्टमनकाका माझ्या ओळखीचे, त्यांच्या मुलीच्या लग्नात मेकअप मीच केला होता. त्यांनी पाकीट पुढे केलं. पाठवणाऱ्याच्या जागी वकिलाचं नाव बघून मी हात मागे घेतला.

"नको काका. परत पाठवा."

"तुमच्याच नावाचं आहे ताई."

"असू दे. मला नको."

त्यांनी पेन काढलं. "मग 'घेण्यास नकार' असं लिहावं लागेल मला."

"लिहा."

दोन-तीन महिन्यांनी अजून एक आलं. या वेळी काका हळू आवाजात म्हणाले, "कोर्टाचं दिसतंय. घेऊन टाका, माझं ऐका." मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी माझ्यासमोरच पाकिटावर तीच ओळ लिहिली. मला तेव्हा वाटलं, जे मी घेतलंच नाही ते माझ्यापर्यंत पोचलंच नाही. शिकलेली बाई मी, बारावी पास, पण भीती वाटली की माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

मग हळूहळू सगळं शांत झालं. फोन कमी झाले, माणूस आला नाही. मी मनाशी म्हटलं, कंटाळले. एवढ्याशा रकमेसाठी कोण किती धावेल?

त्या दिवाळीत आम्ही घोटीला गेलो. सासरे गेल्यापासून सासूबाई तिथे एकट्याच असतात. घर त्यांच्या नावावर, गल्लीतल्या बायकांशी त्यांचा घरोबा, म्हणून त्या आमच्याकडे यायला तयार नसतात. नेहमी त्या ओट्यावर बसलेल्या असायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत. या वेळी दार लोटलेलं आणि त्या आत बसलेल्या. माझ्या ते लक्षात आलं. मी विचारलं नाही. निघताना त्यांनी घरच्या तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "धंदा बरा हाय ना?"

"बरा आहे, आई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "काय असंल तर सांग बरं."

"काही नाही हो."

जानेवारीत एक दिवस सकाळी दोन बायका खुर्चीवर होत्या, एक वाट बघत होती. दार उघडून साध्या ड्रेसमधली एक तिशीची बाई आत आली. मी म्हटलं, "बसा ना. आयब्रो का?"

तिने माझं पूर्ण नाव उच्चारलं आणि विचारलं, "तुम्हीच का?"

"हो."

"ताई, जरा बाहेर येता?" तिच्या मागे पायरीवर खाकीतला हवालदार उभा होता.

मी दोरा हातात घेऊनच बाहेर गेले. तिने कागद उलगडला. "तुमच्या नावाने वॉरंट आहे. फायनान्स कंपनीने तुमचा चेक लावला, तो परत गेला. चेक बाऊन्सची केस. तीन तारखा झाल्या, तुम्ही हजर राहिला नाहीत."

"मला काही मिळालंच नाही."

ती कागदावर बोट ठेवून म्हणाली, "इथे लिहिलंय, तुम्ही घेतलं नाही." मग माझा चेहरा बघून जरा मऊ आवाजात, "घाबरू नका, जामीनपात्र आहे. स्टेशनला चला, जामीनदार द्या, घरी जा. आत सांगून या काय सांगायचं ते."

मी आत जाऊन सांगितलं की घरून निरोप आलाय, आज पार्लर बंद. एका बाईची एकच भुवई झाली होती. दुसरीसाठी मी दोरा ताणला आणि तसाच खाली ठेवला. ती म्हणाली, "जाऊ द्या, जाऊ द्या," आणि ओढणी सारखी करत बाहेर पडली. समोरचा शिंपी मशीन थांबवून बघत होता. मी शटर ओढलं. एवढी वर्षं रोज ओढते, त्या दिवशी ते अर्ध्यात अडकलं. हवालदाराने हात लावून खाली आणलं.

स्टेशनमध्ये मला बाकावर बसवलं. ठाणे अंमलदार म्हणाले, "जामीनदाराला बोलवा. ओळखपत्र आणि नावावर काही असल्याचा कागद पाहिजे. घरपट्टीची पावती, सातबारा, काहीही. मिस्टर कुठे असतात?"

"त्यांना नको," मी पटकन म्हटलं.

त्यांनी खांदे उडवले. "मग कुणाला बोलवायचं ते बोलवा. संध्याकाळच्या आत झालं तर बरं."

आम्ही भाड्याच्या घरात राहतो. नवऱ्याच्या नावावर काही नाही, माझ्या नावावर ते कर्ज सोडून काही नाही. भाऊ लांब. एकच नाव समोर येत होतं. मी सासूबाईंना फोन लावला.

"हां, बोल गं."

"आई, मी पोलीस स्टेशनला आहे."

त्या लगेच म्हणाल्या, "त्या मशिनीच्या पैशाचं ना?"

मी त्यांना मशीनबद्दल, कर्जाबद्दल एका शब्दानं बोलले नव्हते.

"रडू नको. कागद कोणते आणू ते सांग."

अडीच तास मी त्या बाकावर बसून होते. ती महिला पोलीस येता-जाता पाणी देऊन गेली. मला एकच प्रश्न पडला होता, त्यांना कसं माहीत? दोनच्या सुमारास सासूबाई दारात दिसल्या. मिळेल त्या गाडीने नाशिकला आणि तिथून रिक्षाने आल्या होत्या. घडीचं लुगडं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली घरपट्टीची पावती. अंमलदारांनी विचारलं, "आजी, कुठे सही करताय माहीत आहे ना?"

"सुनंसाठी करत्ये," त्या म्हणाल्या. "ती तारखेला आली नाय तर मला धरा."

एकेक अक्षर दाबून त्यांनी सही केली. मला आठ दिवसांनंतरची कोर्टाची तारीख देऊन सोडलं.

बाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता. त्यांना दम लागला होता, म्हणून तिथेच बसलो. मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. दीड वरीस झालं, मला फोन येत्यात." त्या रस्त्याकडे बघत बोलत होत्या. "तू उचलत नव्हतीस, मग मला यायचे. पहिला पोरगा चांगला होता. आजी जेवलात का, विचारायचा. मी म्हणायचे, भरील ती, जरा दम धरा. मंग दुसरा आला. त्यो लय घाण बोलायचा. म्हणायचा, म्हातारे, तुझी सून चोर हाय, तुझ्या दारात येऊन बसतो."

"आणि आला?"

"आला की. बाजाराच्या दिशी. ओट्यावर उभा राहून मोठ्यानं बोलला, सगळी गल्ली ऐकत होती. घरात होते ते चार हजार मी त्याला दिले. पावती मागितली तर म्हणला, हापिसातून येती. आली नाय अजून."

मला त्यांचं ते लोटलेलं दार आठवलं. म्हटलं, "आई, मला का नाही सांगितलंत?"

तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "तुला सांगायचं तर तू फोन घ्यायला नको? श्रावणात मला चक्कर आली, पडले मी मोरीत. माझा फोन पाण्यात गेला. शेजारणीच्या फोनवरनं तुला तीनदा लावला. दुपारची येळ, पोराच्या दुकानात गर्दी असती म्हणून तुलाच लावला. तू उचलला नाय. तिनंच नेलं मंग दवाखान्यात, दोन टाके पडले." त्यांनी पदर सरकवून कपाळाच्या कडेची खूण दाखवली. दिवाळीत ती मला दिसली नव्हती, किंवा मी बघितली नव्हती.

मी फोन काढला. शेजारणीचा नंबर त्यांच्याकडून विचारून एकेक आकडा दाबला. शेवटचा आकडा दाबताच पडद्यावर नाव उमटलं: 'नको २४'.

मी तो त्यांना दाखवला नाही. त्यांना तेवढं वाचता येतं.

त्या माझ्यासोबत घरी आल्या. संध्याकाळी सहाला नवरा कामावरून आला, आईला बघून आनंदला, मग आमचे चेहरे बघून थांबला. सासूबाई म्हणाल्या, "तू सांग. मी हितंच बसत्ये." मी सगळं सांगितलं. भिशीचं खोटं, चेक, पत्रं, वॉरंट, बाक. तो उभाच होता, हातातला डबाही खाली ठेवला नव्हता. माझं संपल्यावर त्याने मला काहीच विचारलं नाही. आईला विचारलं, "तुला शिव्या दिल्या?"

"द्यायच्या असतील त्यांनी दिल्या. मी कुठं ऐकून घेतल्या," त्या म्हणाल्या.

तो डबा मोरीत ठेवून बाहेर गेला. तासाने मेथीची जुडी घेऊन परत आला. चार दिवस माझ्याशी कामापुरतंही बोलला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तारखेच्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चल."

आमच्या वकीलबाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ. पोस्टाची पाकिटं मी परत पाठवली हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "नकार दिला म्हणजे नोटीस मिळाली, असंच कोर्ट धरतं. पहिल्या नोटिशीलाच तुम्ही आला असतात तर ही केस झाली नसती." सासूबाईंचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "घरच्यांना असं छळता येत नाही, त्याला नियम आहेत. तेव्हाच तक्रार करायला हवी होती. आता ते चार हजार घेतल्याचं कोण कबूल करणार?" त्यांनी तक्रारीचा अर्ज मात्र लिहिला. कंपनीचं उत्तर आलं की घोटीला गेलेला तो माणूस आता त्यांच्याकडे नाही.

दोन तारखांनंतर लोकअदालतीत तडजोड झाली. कंपनीकडून आलेला माणूस ओळखीचा वाटला. पाठीला सॅक. तोच होता, पडद्याशी बोललेला. तो मला ओळखून नुसता मान झुकवून बसला. दंड-व्याज बरंचसं कमी झालं, उरलेलं चौदा महिन्यांत फेडायचं ठरलं. सह्या झाल्यावर फाइल बंद करता करता तो म्हणाला, "मॅडम, मी आलो होतो तेव्हा हप्ता निम्म्यावर आणून मुदत वाढवता आली असती. तीच योजना घेऊन आलो होतो." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. नवरा माझ्या शेजारीच बसला होता आणि त्याने ते ऐकलं.

मशीन गंगापूर रोडच्या एका पार्लरला विकली, घेतली त्याच्या तिसऱ्या हिश्शात. त्यांची दोन माणसं येऊन घेऊन गेली. तिच्यासोबतची खुर्चीही दिली. चौदा महिने मी सकाळी आठला शटर उघडलं, लोकांच्या घरी जाऊन मेहंदी काढली, लग्नसराईत एका दिवसात तीन नवऱ्या केल्या. एकही हप्ता चुकला नाही. कर्ज फिटल्याचं पत्र आलं तेव्हा पोस्टमनकाकांनी ते माझ्या हातात दिलं आणि सही घेतली.

पत्र घेऊन मी एकटीच घोटीला गेले, चार हजार घेऊन. सासूबाई पैसे घेईनात. शेवटी मी ते त्यांच्या डाळीच्या डब्यावर ठेवून आले. त्या अजूनही ओट्यावर बसत नाहीत. म्हणतात, ऊन लागतं.

गेल्या वर्षी स्कूटरसाठी बँकेत अर्ज केला, तो नाकारला गेला. का, ते मला विचारावं लागलं नाही. नवऱ्याने त्याची जुनी मोटारसायकल मला दिली आणि तो बसने जायला लागला. आमचं आता बरं चाललंय, बोलतो, हसतो, सिनेमालाही जातो. फक्त मधूनच, जेवताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, तो विचारतो, "अजून काही आहे का?"

"नाही," मी म्हणते. खरंच काही नसतं.

तो मान हलवतो. पण लगेच हलवत नाही.